चौकाचा व्हिला घेताना आधी रात्रीचा रस्ता चालून बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरांच्या पुरवणीत निवृत्तांच्या वसाहतींवर लेख आला होता, त्यात मधे चौक असलेल्या व्हिलाचा मोठा रंगीत फोटो होता, चौकात झाड, झाडाखाली दोन वेताच्या खुर्च्या. तो बघून माझ्या दोन मैत्रिणींचे लागोपाठ फोन आले, की हेच ना गं तुम्ही बघताय, आम्ही पण बघू का. फोटो सुंदरच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या अर्ध्या पानाच्या फोटोखाली घराचा प्लॅन छापला होता काडेपेटीएवढा, त्यात एकही माप नाही, उत्तर दिशेचा बाण नाही, दारं कुठल्या बाजूला उघडतात ते नाही. आणि आमच्या वयात घर निवडायचं तर नेमकं तेच बघायचं असतं. म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

माझं वय ६७, आमच्या ह्यांचं ७३. तीन वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू अजून कमजोर आहे. घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर. गेले आठ महिने आम्ही निवृत्तांच्या वसाहतींमधले चौकाचे व्हिला बघतोय, म्हणजे तळमजल्यावरचं बसकं घर, जिना नाही, मधे उघडा चौक आणि त्याच्याभोवती खोल्या. कल्पना मला पहिल्यापासून आवडली. म्हातारपणी बाहेर पडणं कमी होतं, तेव्हा बाहेरचं थोडंसं घरातच असावं, आणि तेही कोणाची नजर पडणार नाही असं, हे मनाला पटतं. माणसं काही आज असं राहायला लागलेली नाहीत, मोहेंजोदारोच्या चार हजार वर्षांपेक्षा जुन्या घरांमध्ये खोल्या चौकाभोवतीच होत्या, रोमन घरात मधल्या उघड्या छपरातून पावसाचं पाणी खालच्या हौदात पडायचं. उजेड, वारा आणि एकांत तिन्ही देणारी ही रचना आहे. फक्त ती घरं सगळ्या वयाच्या माणसांनी भरलेली होती, पडलेल्याला उचलायला चार हात घरातच होते. आता त्याच रचनेत दोन म्हातारी माणसं एकटी राहणार, म्हणून प्लॅन वेगळ्या डोळ्यांनी बघावा लागतो.

पहिल्या ठिकाणी आम्हाला तीन प्लॅन दाखवले. एकात चौक चारी बाजूंनी बंद, सगळ्या खोल्या त्याच्याभोवती, एकात घर इंग्रजी यू सारखं म्हणजे तीन बाजूंना खोल्या आणि चौथीला भिंत, आणि तिसरा एल सारखा, दोन बाजूंना घर आणि दोन बाजूंना कंपाउंड. तिथला मुलगा म्हणाला, मॅडम, हा बंद चौकाचा आमचा सगळ्यात जास्त जाणारा प्लॅन. मला पण तोच आवडला होता खरं सांगते. दारातून आत आलं की समोर काच आणि काचेपलीकडे हिरवं, कोणाला नाही आवडणार. मी जवळपास हो म्हणणार होते तेवढ्यात ह्यांनी हळूच विचारलं, "अगं, रात्री मला जायचं असलं तर मी कुठून जाणार?"

मग मी त्या प्लॅनवर बोट ठेवून पलंगापासून बाथरूमपर्यंत फिरवायला लागले. पलंगावरून उठून खोलीच्या दारापर्यंत, दारातून पॅसेजमध्ये, चौकाला वळसा घालून, कपड्यांच्या कपाटाच्या जागेतून, मग आत. प्लॅन तयार करणाऱ्याने बाथरूम लांब ठेवली होती कारण बेडरूमची अख्खी भिंत चौकाकडे काचेची हवी होती! फोटोसाठी ते उत्तम आहे हो, पण रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत त्याचं काय.

घरी येऊन मी एक गोष्ट केली, ती सगळ्यांनी करावी असं मला मनापासून वाटतं. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी गाड्या हलवून मोकळी जागा करून घेतली, आणि खडू, सुतळी आणि मेजर टेप घेऊन तो प्लॅन खऱ्या मापाने जमिनीवर काढला. बेडरूम, पॅसेज, बाथरूम, चौकाकडचं दार, एवढंच, अख्खं घर काढायची गरज नाही. पलंगाच्या जागी आमच्या पलंगाच्या मापाची चादर अंथरली. मग हे वॉकर घेऊन चादरीपासून निघाले. त्या वॉकरच्या मागच्या दोन पायांना रबरी टोप्या आहेत, त्या जमिनीवर टेकतील तिथे खडू पुसला जायचा, म्हणजे कुठे घासतंय ते आपोआप दिसत होतं. पॅसेजच्या वळणावर आतली रेघ पूर्ण पुसली गेली. याचा अर्थ खऱ्या घरात तिथे भिंत असती आणि वॉकर तिला आपटला असता, रोज, प्रत्येक वेळी. मी पावलं मोजली. बंद चौकाच्या प्लॅनमध्ये पलंगापासून कमोडपर्यंत ३१ पावलं आणि चार वळणं. शेजारीच काढलेल्या एल आकाराच्या प्लॅनमध्ये ११ पावलं आणि एक वळण. ह्यांच्यासाठी पावलांपेक्षा वळण अवघड, कारण वळताना वजन कमजोर पायावर येतं. ते काही बोलले नाहीत, वॉकरला टेकून उभे राहिले आणि एलच्या प्लॅनकडे बोट दाखवलं.

आणखी एक फसगत त्या खडूमुळे लक्षात आली. माहितीपत्रकातल्या प्लॅनमध्ये पलंग, सोफा, टेबल काढलेले असतात ना, ते खऱ्यापेक्षा लहान काढलेले असू शकतात. मी पट्टी लावून मोजलं तर त्या प्लॅनमधला डबलबेड त्यांच्याच स्केलनुसार जेमतेम साडेपाच फूट लांब भरत होता. खऱ्या मापाची चादर अंथरल्यावर पलंगाच्या बाजूला उरली दीड फूट जागा. तिथे वॉकर उभाच राहत नाही, तो स्वतःच साधारण दोन फूट रुंद असतो. पलंगाच्या निदान एका बाजूला तीन फूट मोकळी जागा हवी, आणि ज्या बाजूने माणूस उठतो त्याच बाजूला हवी. अर्धांग झालेल्याची उठायची बाजू ठरलेली असते, पण प्लॅन उलटा झाला की मोकळी जागा नेमकी दुसऱ्या बाजूला जाते. याबद्दल पुढे सांगते.

दारांचं तर बोलावं तेवढं थोडं. प्लॅनवर "अडीच फुटी दार" लिहिलेलं असतं ते दाराचं माप असतं, जायला मोकळी जागा तेवढी मिळत नाही. चौकटीची आतली पट्टी आणि उघडलेल्या दाराची जाडी वजा केली की दोनेक इंच जातात, म्हणजे ३० इंची दारातून हातात राहतात साधारण २८ इंच. साधी हाताने ढकलायची व्हीलचेअर २५ ते २७ इंच रुंद, आणि चाक फिरवणाऱ्याची बोटं बाहेरच्या बाजूला. बोटं सोलून निघतात हो, आम्ही ते हॉस्पिटलमध्ये अनुभवलंय. अपंगांसाठीच्या बांधकामाच्या मापांमध्ये मोकळी जागा कमीत कमी ३२ इंच धरतात, म्हणून तीन फुटी दारच मागा, आणि बाथरूमचं तर नक्कीच, कारण गंमत अशी दिसली की घरातलं सगळ्यात अरुंद दार बहुतेक वेळा बाथरूमचंच असतं. व्हीलचेअर जागच्या जागी वळवायला पाच फूट व्यासाचं वर्तुळ मोकळं लागतं. प्लॅनवर कंपासने काढून बघा बसतं का. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत उघडणारं असलं आणि माणूस आत दारापाशीच पडला तर बाहेरून दार ढकलता येत नाही, आतला माणूसच दाराला अडसर होतो. ही गोष्ट मी तीन वसाहतींच्या ऑफिसांत सांगितली आणि तिन्ही ठिकाणी समोरचा माणूस आधी गप्प झाला आणि मग वहीत लिहून घेतलं. ज्येष्ठांसाठी म्हणून घरं बांधणाऱ्यांना हे आधीच माहीत असायला हवं होतं असं मला वाटतं.

आता पडण्याचा विषय निघालाच आहे तर लिहितेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात वर्षाला ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरतात, आणि त्यात सगळ्यात जास्त प्रमाण साठीच्या पुढच्यांचं. माझ्या नणंदेने चार वर्षांपूर्वी अशाच एका वसाहतीत चौकाचा व्हिला घेतला, नाव लिहीत नाही. घर देखणं, चौकात जायला पूर्ण भिंतभर सरकती काच. पण चौकातलं पाणी आत येऊ नये म्हणून त्या काचेखाली चार इंचाचा उंबरा ठेवलेला, आणि त्याच्यावर काच सरकायची पट्टी. वन्सं सांगतात, की आम्ही घर बघायला गेलो तेव्हा तो उंबरा दिसलाच नाही, कारण नजर समोरच्या झाडावर. पहिल्या पावसाळ्यात त्यांचे यजमान ओल्या चपलांनी चौकातून आत येताना त्याच उंबऱ्याला अडखळले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, बरे आहेत आता, पण त्यानंतर ते चौकात गेलेले नाहीत. चौकासाठी घेतलेलं घर आणि घरातला माणूस काचेच्या आतून चौक बघतो. वन्सं फोनवर हे सांगताना मधेच थांबतात, मी पण काही बोलत नाही.

म्हणून चौकाचा व्हिला बघताना झाडाच्या आधी उंबरा बघा, खाली वाकून, हात लावून. अर्ध्या इंचापेक्षा जास्त उंच नको आणि तोही दोन्हीकडून उतरता केलेला हवा. मग पाणी आत येईल असं ते म्हणतील. त्याला उत्तर आहे, काचेच्या बाहेर दाराच्या पूर्ण लांबीची जाळीची पन्हळ घ्यायची, चौकाच्या फरशीला घरापासून लांब जाणारा उतार द्यायचा, शंभराला एक ते पन्नासाला एक पुरतो, आणि दारावर दोन-तीन फूट छज्जा पुढे काढायचा. हे बांधतानाच होतं, नंतर फरशी उखडून करायला कोणी तयार होत नाही. बंद चौकात तर आणखी एक प्रश्न विचारा, की पाणी जायला वाट किती आणि ती तुंबली तर काय. चारी बाजूंनी घर असलं की चौक म्हणजे हौदच, पानगळ झाली आणि एकुलती एक जाळी पानांनी भरली की पाणी खोल्यांकडे येणार, दुसरीकडे जायला जागाच नाही. दोन वेगळ्या वाटा हव्यात. आणि ती जाळी साफ कोण करणार, वाकून, हे पण विचारा. समोरच्या दाराला पायरी असेल तर उतार करून देऊ असं सांगतात, तेव्हा हिशोब करा, एक इंच उंचीला एक फूट लांबी लागते, म्हणजे सहा इंची पायरीला सहा फूट उतार. तेवढी जागा दारासमोर आहे का? नसेल तर ते देतील तो उतार घसरगुंडीसारखा तीव्र असेल.

दिशेबद्दल. आम्ही एल चौकाचा प्लॅन नक्की केला, ऑफिसात खूण करून आलो, आणि प्रत्यक्ष जागेवर गेलो तर आम्हाला दाखवलेलं घर प्लॅनच्या आरशातल्या प्रतिमेसारखं, डावं ते उजवं. वसाहतीत जोडीजोडीने घरं बांधतात, पाण्याचे पाइप एका भिंतीत यावेत म्हणून शेजारचं घर उलटं करतात, ते समजतं. पण उलटं झालं की चौकाची दिशा बदलते. आम्ही कागदावर निवडला होता पूर्वेचा चौक, सकाळचं कोवळं ऊन, ह्यांना तिथे बसून पायाचे व्यायाम करता येतील म्हणून, आणि जागेवर निघाला पश्चिमेचा. दुपारी चार वाजता त्या बेडरूममध्ये उभं राहवत नव्हतं, काच हाताला चटका देत होती. शिवाय बाथरूमचा कमोड उलट्या बाजूच्या भिंतीला आला, म्हणजे आधाराची दांडी ह्यांच्या कमजोर हाताच्या बाजूला. प्लॅनच्या नावाखाली "प्रकार ब" लिहिलेलं असतं त्यात हे काही कळत नाही. तेव्हा घराचा नंबर सांगून त्या नंबरचाच प्लॅन, उत्तरेच्या बाणासकट, सहीशिक्क्याने मागा. आम्ही ते घर सोडलं, समोरच्या रांगेतलं घेण्यासाठी पाच महिने थांबलो.

चौकाच्या रुंदीचं गणित पण सोपं आहे. चौकाची रुंदी आणि भिंतीची उंची सारखी असेल, समजा दहा फूट आणि दहा फूट, तर सूर्य त्या भिंतीमागून ४५ अंशांच्या वर आल्याशिवाय समोरच्या फरशीला ऊन लागत नाही. हिवाळ्यात सूर्य खालून जातो, खूप ठिकाणी दुपारी पण तेवढा वर येत नाही, मग नेमकं ऊन हवं तेव्हा चौक सावलीत आणि फरशी ओली, शेवाळलेली. उन्हाळ्यात हीच सावली सुखाची असते, आणि रात्री उघड्या आकाशाखाली चौक थंड होतो, गार हवा जड म्हणून खाली बसते आणि पहाटे खिडक्या उघडल्या की खोल्यांत येते, हा चौकाचा मोठाच गुण आहे. पण तुम्ही राहता तिथे थंडी जास्त का उकाडा, यावर रुंदी ठरवा. अरुंद चौक उकाड्याच्या जागी चांगला, थंडीच्या जागी भिंतींपेक्षा निदान दुप्पट रुंद बघा. आणि शक्यतो थंडीच्या दिवसांत घर बघायला जा आणि दुपारी बाराला चौकात उभ्या राहा, बाकी काही मोजायची गरज पडत नाही.

चौकाचा आग्रह मी सोडत नाहीये, हे पण लिहायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी चौकाच्या विरुद्धच आहे. रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाने १९८४ साली सायन्स नियतकालिकात एक अभ्यास छापला होता. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ पेशंट, अर्ध्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि अर्ध्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची जोरदार औषधं कमी लागली. अभ्यास लहान आहे, पण ह्यांच्या आजारपणात मी स्वतः बघितलंय, खिडकीपाशी पलंग मिळाला त्या दिवसापासून ते बोलायला लागले. म्हणून माझी अट अशी आहे की चौक पलंगावरून, आडवं पडून, दिसला पाहिजे. बऱ्याच प्लॅनमध्ये चौक दिवाणखान्यातून आणि जेवणाच्या टेबलावरून दिसतो, बेडरूमच्या वाट्याला कोपरा येतो. तरुण माणसाचं घर असेल तर ठीक आहे. आमच्या वयात जे दिवस येणार आहेत त्यात आपण जास्त वेळ कुठे असणार, हे प्रत्येकाला माहीत आहे, त्या पलंगावरून काय दिसतं ते बघा. खिडकीची खालची कड जमिनीपासून दोन फुटांच्या वर असली तर उशीवरून फक्त आकाश दिसतं. मी त्या नमुना घरात खाली जमिनीवर बसून बघितलं, तिथली मुलगी गोंधळली, तिने पाणी विचारलं. मी तिला म्हटलं बाळा, तू पण बस इथे, तुझ्या आजीसाठी बघतेयस असं समज. ती बसली. आणि तिनेच मला दाखवलं की इथून पडद्याची पेटी आड येतेय.

उजेडाचं थोडक्यात सांगते. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो, त्यामुळे जो दिवा मुलांना भगभगीत वाटतो तो आपल्याला जेमतेम पुरतो. आणि चौकाच्या घरात दुसराच त्रास, काचेपाशी झगझगीत आणि पॅसेजच्या टोकाला अंधार, डोळ्यांना बदल झेपायला वेळ लागतो, त्याच वेळी पाय चुकतो. पॅसेजमध्ये पायाशी मंद दिवे हवेत, रात्रभर चालू राहणारे. मोठ्या काचेवर कमरेच्या उंचीला एक पट्टी चिकटवून घ्या, काच आहे हे कळायला. बटणं तीन ते चार फुटांच्या मध्ये हवीत आणि एक पलंगावरून हाताला येईल असं.

भिंतीत दांड्या बसवायच्या जागा आत्ता लागत नसल्या तरी बांधतानाच तयार करून घ्या. दांडी जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर असते आणि तिला शंभर किलोच्या वर ओढ सहन व्हावी लागते, माणूस पडताना तिच्यावर सगळं अंग टाकतो. पोकळ भिंतीत नुसत्या खिळ्या-स्क्रूने ती उपटून येते. टाइलच्या मागे जाड प्लाय किंवा भरीव भिंत हवी, आणि ती कुठे आहे याचा फोटो टाइल लावायच्या आधी काढून ठेवायचा. कमोडची बैठक १७ ते १९ इंच उंच घ्या. उठताना गुडघ्यांना केवढा फरक पडतो ते ज्याला दुखतंय त्यालाच विचारा.

मायकेल ग्रेव्ह्ज या नावाजलेल्या आर्किटेक्टचं मी वाचलं होतं, २००३ साली आजारपणात त्यांचे पाय कमरेपासून गेले आणि व्हीलचेअरवर बसून हॉस्पिटलच्या खोलीत फिरताना कळलं की आरसा, नळ, प्लगचं बटण काहीच हाताला येत नाही. आयुष्यभर इमारती काढलेला माणूस, त्याला पण खुर्चीत बसल्यावर कळलं! पुढची वर्षं त्यांनी हॉस्पिटलचं फर्निचर आणि व्हीलचेअर सुधारण्यात घातली. आपल्या वसाहती आखणाऱ्या तरुण आर्किटेक्ट मुलांना माझी कळकळीची विनंती आहे, एक दिवस व्हीलचेअर भाड्याने आणा आणि आपल्याच नमुना घरात सकाळपासून रात्रीपर्यंत तिच्यात बसून राहा. उठायचं नाही, कशासाठीच नाही.

दुसरी बेडरूम मुलंबाळं येतील म्हणून लोक घेतात, घ्यावी, पण तिचा खरा उपयोग सेवा करणाऱ्या माणसासाठी होणार आहे, तेव्हा ती चौकाच्या पलीकडच्या टोकाला नको. बंद चौकाच्या प्लॅनमध्ये ती नेमकी तिथे असते, पाहुण्यांना एकांत म्हणून. हाक मारली तर दोन काचा आणि एक चौक पार करून आवाज जायला हवा. आमच्या निवडलेल्या प्लॅनमध्ये दोन्ही बेडरूमच्या मधे फक्त बाथरूम आहे आणि तिला दोन्हीकडून दारं आहेत, ही व्यवस्था मला सगळ्यात आवडली. स्ट्रेचर बाहेर काढायची वाट पण बघा, तो माणसाएवढा लांब असतो आणि अरुंद पॅसेजच्या काटकोनात वळत नाही, ॲम्ब्युलन्सची माणसं मग पेशंटला चादरीत उचलतात. बेडरूममधून सरळ चौकात आणि चौकातून फाटकाने बाहेर अशी वाट एल किंवा यू आकारात काढता येते. बंद चौकात नाही येत.

कराराचं मी एवढंच लिहिते, की घर मालकीचं आहे का हयातीपुरतं राहायचा हक्क आहे ते आधी विचारा, आणि चौक कोणाचा ते पण. एका ठिकाणी चौकाची देखभाल महिन्याच्या खर्चात होती पण चौकात काहीही बदलायला, अगदी दांडी लावायलाही, लेखी परवानगी हवी होती आणि त्याला मुदत काही नव्हती. ह्या गोष्टी वकिलाला दाखवाव्यात.

संपादक साहेब, तुमच्या पुरवणीत अशा वसाहतींच्या जाहिराती दर आठवड्याला येतात, तो तुमचा व्यवसाय आहे हे मला मान्य आहे. पण लेख छापताना एवढं करा. फोटो थोडा लहान करा आणि प्लॅन मोठा छापा, त्यावर उत्तरेचा बाण, दारांची मोकळी मापं, उंबऱ्याची उंची, आणि पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट तुटक रेघेने दाखवा. वसाहतवाले ही मापं द्यायला तयार नसतील तर तसं खाली लिहा, वाचणारा काय ते समजेल. तुमच्या बातमीदाराने एकदा मेजर टेप घेऊन पाच-सहा नमुना घरं मोजून आणली तर तो लेख हजारो घरांत कापून ठेवला जाईल.

आमचं घर पुढच्या वर्षी ताब्यात मिळतंय. उंबरा आठ मिलिमीटरचा करून घेतलाय, टाइल लावायच्या आधी जाऊन भिंतींचे फोटो पण काढून आणलेत. पार्किंगमधला खडूचा प्लॅन पावसाने धुऊन गेला, पण हे अजून रोज संध्याकाळी वॉकर घेऊन खाली जातात आणि त्याच जागेवर अकरा पावलं आणि एक वळण चालतात, पाठ करायला.

आपली,
एक जुनी वाचक